जोडणी चालू आहे

"भावजी, पुन्हा विचारा ना त्याला," वहिनी म्हणाली.

धाकट्याने पुन्हा विचारलं. टेबलावरच्या डब्याने पुन्हा तेच सांगितलं. जोडणी चालू. चूक शून्य.

"चालू आहे म्हणतोय."

"मग बोट कुठे आहे ते का दाखवत नाही?"

धाकट्याने डब्याला जोडलेला पडदा वरपासून पुन्हा वाचला.

आदल्या दिवशी वादळाने अचानक दिशा बदलली. काही बोटी कशाबशा परतल्या, काही अजून यायच्या होत्या. दादा त्या न आलेल्यांतल्याच एका बोटीचा तांडेल, बोट चालवणारा प्रमुख. सोबत दोन खलाशी. त्याच्या बोटीवर धाकट्याने स्वतः बनवलेला एक डबा होता. तो बोट कुठे आहे ते उपग्रहामार्फत कळवायचा, बाकी काही बोलायचा नाही. त्याचा जोडीदार डबा इथे, धाकट्याच्या टेबलावर. पहाटेपासून बोटीची जागा कळणं बंद झालं होतं.

"तुमचा डबा तुमच्या दादावरच गेलाय," वहिनी म्हणाली. "विचारलं की 'बरं आहे'. पुढे एक शब्द नाही."

ती हसायला गेली, पण ते तिला जमलं नाही.

बंदर अधिकारी दारात आले. त्यांच्या कोटातून पाणी गळत होतं.

"माझ्याकडे बचाव नौका एकच आहे," ते म्हणाले. "डबा जिवंत आहे की नाही, एवढं नक्की सांगा. अंदाजावर मी माझी माणसं त्या पाण्यात घालणार नाही."

"जोडणी चालू दिसतेय."

"दिसतेय की आहे?"

धाकटा पुन्हा पडद्याकडे वळला. त्यांनी नेमकं तेच विचारलं होतं.

जोडणीच्या टोकाला सॉकेट म्हणतात. त्याला काहीही विचारा, तो आपल्याच बाजूचं सांगतो. पलीकडचा डबा बुडताना 'मी जातो' म्हणून थोडाच बुडणार? इथे जोडणी चालूच दिसत राहणार. म्हणून तर बराच वेळ शांततेत गेला की पलीकडे एक हाक मारायची सोय असते. ती चालू आहे का, असं धाकट्याने सॉकेटला विचारलं. चालू होती. किती शांततेनंतर हाक मारायची, हे विचारलं. आकडा सेकंदांत आला. त्याने मनात भागाकार केला.

दोन तास.

त्याने एक मिनिट ठेवलं होतं. पण ते प्रत्येक नव्या जोडणीला नव्याने सांगावं लागतं. वादळात जुनी जोडणी तुटून नवी जुळली होती आणि नवीला कुणी काही सांगितलंच नव्हतं. पडद्यावरचं 'चालू' दोन तास शिळं असू शकत होतं.

"काय झालं?" वहिनीने विचारलं.

"काही नाही. वाचतोय."

आता आकडा बदलला की हाक जाणार. उत्तर आलं नाही तर जोडणी तुटणार, तीही वहिनीच्या डोळ्यांदेखत. आकडा तसाच ठेवला तर दादा निदान पडद्यावर तरी होता.

"वहिनी, तू जरा बाहेर बसतेस का?"

"नाही. तुम्हाला जे दिसेल ते मलाही दिसू दे."

धाकट्याने काही सेकंदांचा आकडा लिहिला. तो खरंच घेतला गेला का, हे परत वाचून पाहिलं. घेतला होता. मग हातांना काही कामच उरलं नाही.

पहिल्या हाकेला उत्तर नाही. दुसरीलाही नाही. अधिकारी खिडकीकडे बघू लागले. वहिनीने टेबलाची कड घट्ट धरली होती.

मग टेबलावरच्या डब्याचा दिवा लुकलुकला. पुन्हा लुकलुकला. आणि पाठोपाठ अडकून पडलेली जागा पडद्यावर उतरली.

"आहे!" धाकटा ओरडला. "डबा पाण्यावर आहे. ही घ्या जागा."

अधिकारी तोपर्यंत जिना उतरू लागले होते.

दिवसभर धाकटा जागा वाचून दाखवत राहिला आणि अधिकारी ती वायरलेसवरून नौकेला कळवत राहिले. दुपार कलताना वायरलेस खरखरला. अर्धे शब्द वाऱ्याने खाल्ले, पण अर्धे पोचले. डबा सापडला. तिघंही जिवंत.

वहिनी मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर घेऊन रडली. मग उठून तिने धाकट्याच्या पाठीत धपाटा घातला. "तुमच्या दादाला आता घरात कोंडूनच ठेवते," असं म्हणत ती धक्क्याकडे पळाली.

नौका धक्क्याला लागली. कांबळी पांघरलेली तीन माणसं एकमेकांचा आधार घेत उतरली. वहिनी पुढे धावली आणि मध्येच थांबली. तिने पहिल्याचा चेहरा पाहिला, दुसऱ्याचा पाहिला, तिसऱ्याचा पाहिला. तिघेही अनोळखी होते.

त्यांच्यातल्या म्हाताऱ्याने डबा छातीशी धरला होता. सोडवून घ्यायला गेलेल्याला त्याने तो दिला नाही. धाकट्यासमोर येऊन त्याने तो त्याच्या हातात ठेवला.

"डबा बनवणारे भाऊ तुम्हीच ना?" म्हातारा म्हणाला. त्याचे दात थंडीने वाजत होते. "आमचं इंजिन बंद पडलं होतं. तांडेलांनी आम्हाला ओढून न्यायला बघितलं, पण दोर टिकेना. मग हा डबा काढून आमच्याकडे दिला. म्हणाले, घट्ट धरून बसा, किनाऱ्यावर माझा भाऊ बसलाय, तो तुम्हाला शोधल्याशिवाय राहायचा नाही. माझं इंजिन ठीक आहे, मी आपला जातो घरी."

म्हाताऱ्याने धक्क्यावरच्या गर्दीत इकडेतिकडे पाहिलं.

"कुठायत तांडेल? काल संध्याकाळीच पोचले असतील ना ते?"