लोंबतं काही नको

डोळे मिटा बघू क्षणभर. समजा, तुम्ही होडीत बसला आहात आणि खाली पंचवीस हात पाण्यात एक अख्खं गाव आहे. घरांची जोती आहेत, विहीर आहे, दगडी देऊळ अजून उभं आहे. आणि त्या देवळाच्या दारातून आत शिरायला तुमचा बाप निघाला आहे. बसवेल तुम्हाला स्वस्थ?

अकरा वर्षांच्या मयूरीलाही बसवत नव्हतं. ती सारखी या कडेवरून त्या कडेला सरकत होती, आणि होडी डुगडुगत होती.

"एका जागी बस गं," वल्हं धरलेला अर्जुनकाका म्हणाला. "बाबा बुडी मारायच्या आधी आमास्नी बुडवशील."

मयूरीचा बाबा, गुरुदास, पाणबुड्या होता. धरणाच्या पाण्यात गेलेलं वर काढायचं हे त्याचं काम. कधी पंप, कधी माणूस. पूर्वी तो कंबरेला दोन सुऱ्या, छातीवर मोठी बॅटरी, हूक, जाळीची पिशवी आणि लोंबत्या नळ्या घेऊन उतरायचा. "रामनगरचा बाजार अंगावर घालून चाललाय," असं अर्जुनकाका चिडवायचा.

मागच्या उन्हाळ्यात तो बाजार याच देवळाच्या दारात अडकला. बॅटरीची दोरी चौकटीत गुंतली. टाकीतली हवा संपत आली, तेव्हा कुठे अर्जुनकाकाने खाली जाऊन ती दोरी कापली. वर आणला तेव्हा बाबाचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून मयूरीला झोपेतही ते ओठ दिसायचे.

आज गुरुदास एकेक वस्तू काढून होडीत ठेवत होता.

"दुसरी सुरी?" मयूरीने विचारलं.

"नको."

"जाळी?"

"नको. जे लोंबतं ते अडकतं."

जुनं फुगीर जाकीट त्याने विकून टाकलं होतं. आता पाठीला एक पोलादी पाटी, तिच्यावर एक टाकी, आणि खांद्यावरून कंबरेपर्यंत फिरवलेला एकच अखंड पट्टा. लांब नळी छातीवरून मानेमागे वळवून घेतलेली, आखूड नळी रबराने गळ्याशी बसवलेली. मयूरीने त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहिला. कुठेच काही अडकलं नाही. मरळ मासा जसा गुळगुळीत असतो, तसा तो लागला.

मग त्याने मोठी बॅटरीही काढली.

"ही पण? आत काळोख असंल की."

"बारकी हाय न्हवं. पुरे."

"आत जाऊ नको ना, बाबा."

कंबरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक गुरुदासने तिच्या हातात दिलं. "एक हिसका म्हणजे बरा हाय. तीन म्हणजे ओढ. काल मी एकटाच येऊन, खाली उतरून रस्ता बघून गेलोय. झालं का काही?"

काठावर माणसं जमली होती. धरणाचं पाणी चढलं, तेव्हा गावाने देवाला कौल लावला होता. दगडावर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर देव येतो, डावी पडली तर येत नाही. डावी पडली. म्हणून देवाला तिथेच ठेवून माणसं रामनगरला गेली. आता तिथे नवं देऊळ उभं राहिलं होतं. दोन दिवसांनी देवाची प्रतिष्ठा होती, आणि गाभारा रिकामा होता; म्हणून गुरुदास आज जुन्या देवाला वर आणणार होता. ज्याने त्या पाकळ्या चिकटवल्या होत्या, तो धाकलू आजा तेवढा उरला होता. त्याचे डोळे गेले होते. नारळाएवढा तो देवाचा दगड दुसऱ्या कुणाला धड आठवतही नव्हता.

गुरुदास उलटा पाण्यात पडला आणि दिसेनासा झाला.

दोरी सरसरत गेली आणि थांबली. बुडबुडे येऊ लागले. देवळावर खूण म्हणून बांधलेला पांढरा डबा पंधरा-वीस हात पुढे तरंगत होता. बुडबुडे काही तिकडे सरकेनात.

"काका, तो अडकला."

"न्हाई अडकला." अर्जुनकाका तळहातावर तंबाखू मळत होता. पाण्याकडे त्याने पाहिलंही नाही.

"तुला काय म्हाईत?"

"हिसका दे की."

तिने दिला. खालून एक हिसका आला. थोड्या वेळाने तिने पुन्हा दिला. पुन्हा आला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बुडबुडे त्याच जागी होते. तिच्या तळहातांना घाम सुटला होता, दोरी निसटत होती. सात वेळा तिने विचारलं, आणि सातही वेळा खालून उत्तर आलं.

अर्ध्या तासाने तीन हिसके आले.

दोघांनी दोरी ओढली. गुरुदास वर आला तेव्हा त्याच्या काखेत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला दगड होता. काठावर ढोल वाजू लागला, बायकांनी हात जोडले. त्याने मात्र काठाकडे न पाहता तोंडातली नळी काढली.

"ओठ बघ. निळे न्हाईत न्हवं?"

मयूरीने मान हलवली.

"मग हे मांडीवर घे. नीट धर."

होडी काठाकडे निघाली. धाकलू आजा कुणाचा तरी खांदा धरून गुडघाभर पाण्यात उतरला होता. त्याने दोन्ही हात पुढे केले. "आधी माझ्याकडं आणा. चाळीस वर्सांचं शेवाळ आसंल त्येच्यावर. मी हातानं वळखतो."

मयूरीने फडकं सारखं करायला उचललं. दगड ओला होता, पण स्वच्छ होता. खालच्या अंगाला, खाचेत, करडं दगडफूल चिकटलेलं होतं. आईबरोबर रानात ती दर वर्षी ते गोळा करायची. ते उन्हावाऱ्यातल्या खडकावर धरतं, पाण्याखाली नाही.

तिने बाबाकडे पाहिलं. तो मान खाली घालून पट्टा सोडत होता. अर्जुनकाकाने वल्हं जरा हळू केलं.

मयूरीने नखाने दगडफूल खरवडून पाण्यात सोडलं. मग ती होडीबाहेर वाकली, उथळ पाण्यातला बुळबुळीत काळा गाळ तिने ओंजळ भरून काढला, आणि होडी आजाच्या हातांशी पोचायच्या आत तो सगळ्या दगडाला चोळून लावला.