गट क्रमांक एक

ज्ञान अखंड असतं, त्याचे तुकडे पाडणं हे पाप आहे, असं तत्त्वज्ञानाचे बेंडकुळे सर बावीस वर्षं वर्गात सांगत आले होते. २००६ साली नव्या पोरांना कॉलेज दाखवायच्या ओपन डेच्या बुकिंगसाठी चोवीस विषयांचे गट पाडायचं काम निघालं, तेव्हा ते त्यांनी धावत जाऊन मागून घेतलं. त्या वर्षी दहा प्रवेश झाले नाहीत, तर त्यांचा विभाग बंद होणार होता.

पोरांनी एक गट निवडायचा आणि त्यातल्या सगळ्या विषयांच्या वर्गांत बसायचं, असं ठरलं होतं. गट क्रमांक एकमध्ये त्यांनी दोनच विषय ठेवले : कॉम्प्युटर आणि तत्त्वज्ञान.

"सर, हे लग्नपत्रिकेत दशक्रियेची वेळ छापल्यासारखं दिसतंय हो," कॉम्प्युटरच्या शुभांगी मॅडम म्हणाल्या.

"दोन्हींचा पाया तर्कशास्त्रच आहे, मॅडम," सर चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हणाले.

इंदिरानगरपासून सिन्नरपर्यंतची पोरं त्या गटावर तुटून पडली. नेमकं ओपन डेच्या सकाळी लोडशेडिंग होतं. कॉम्प्युटर लॅब अंधारात, म्हणून साठ पोरं सरांच्या वर्गात येऊन बसली. सर जीव तोडून बोलले.

"लय भारी हे सर, फॉर्म द्या ना," मागून एक जण म्हणाला.

बघता बघता नऊ फॉर्म भरून झाले. दहाव्यावर सिन्नरच्या सृष्टीने नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि सहीच्या जागी पेन टेकवलं.


लाइट आली.