सतरंजीची कड

"रडायला लागला की हा कशाने शांत होतो?" कांचनने विचारले.

रसिकाने निहारच्या स्वेटरचे वरचे बटण लावले, मग पुन्हा काढले. "विशेष काही नाही," ती म्हणाली. "होतो आपोआप."

हे खरे नव्हते. कानामागे हळूहळू बोट फिरवले की निहारचे रडणे ओसरत जाई. ही खूण एकट्या रसिकाला ठाऊक होती, आणि आज तरी ती कुणाला सांगायची नाही असे ती घरूनच ठरवून आली होती.

"आणि झोपताना?"

"झोपतो."

"रसिकाताई, मी तुमची परीक्षा नाही घेत."

"मी तसं म्हटलं का?"

दर शनिवारी कांचन समुपदेशक मोहनाबेनच्या शेजारी अशीच बसलेली असे: इस्त्रीचा सुती कुर्ता, मांडीवर ठेवलेले स्थिर हात. तिला काय म्हणून हाक मारायची हा प्रश्न रसिकाने केव्हाच सोडून दिला होता. त्या स्थिर हातांचा तिला राग येई. तिचे स्वतःचे हात जिना चढतानाच गार पडत.

कारेलीबागेतल्या केंद्राचा हा वरचा मजला. खालच्या खिडकीत रोज व्यसन सोडवण्याची, जिभेखाली ठेवायची गोळी मिळे. वर, वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनातून सावरणाऱ्या आयांना मुलांजवळ बसायला, त्यांच्याशी खेळायला, त्यांचे रडणे सोसायला शिकवले जाई. खिडकीसमोरून जाताना रसिका ओढणी तोंडावर ओढून घेई. बाजव्याच्या कॉलनीतले एखादे ओळखीचे डोळे कुठे भेटतील, याचा नेम नव्हता.

गोळ्या घरात शिरल्या त्या औषधाचे रूप घेऊन. बाळंतपणानंतरची पाठदुखी, मांडवीतला ओळखीचा दुकानदार, आधी एक गोळी, मग पाकिटांमागून पाकिटे. आणि मग ती दुपार. गॅसवर दूध करपत होते, सात महिन्यांच्या निहारचा रडून रडून आवाज बसला होता, आणि त्याला उचलून घेईल असे शुद्धीवर कुणी घरात नव्हते. तो करपट वास रसिकाच्या नाकातून अजून गेला नव्हता.

निहारचा बाबा कुशल आज वर आलाच नव्हता. "तूच जा," स्कूटर लावताना तो म्हणाला होता. "मला नाही बघवणार."

निहारने यापुढे कुणाजवळ राहायचे, हे मोहनाबेन आज सांगणार होत्या. समुपदेशक म्हणून त्यांचा शब्द अखेरचा मानायचा, असे घरात ठरले होते. रसिकाने त्याचे नाव ठेवले होते. तिच्या ओढणीचे टोक मुठीत धरून त्याने पहिले पाऊल टाकले होते. असे मूल इतक्या शांत आवाजात प्रश्न विचारून कुणी मागून नेते का?

"चालो, सुरू करूया," मोहनाबेन म्हणाल्या. "रसिकाताई, तुम्ही सतरंजीच्या कडेला. काही झालं तरी मध्ये यायचं नाही. मुलाला सोडता येतं का, तेही मला बघायचंय."

"सोडायला तो काय पतंग आहे?"

मोहनाबेन हसल्या. रसिका हसली नाही.

निहार ठोकळे रचू लागला. बाहेर तारेवर संक्रांतीचा फाटका पतंग फडफडत होता, तो बघायला तो धावला, पाय अडखळला आणि कपाळ बुटक्या टेबलाच्या कोपऱ्यावर आपटले.

"आई!" हात पसरून तो रसिकाकडे धावला.

कांचनची नजर सतरंजीकडे वळली.

"रसिकाताई, थांबा," मोहनाबेन हळूच म्हणाल्या.

रसिका अर्धवट उठली होती, ती तशीच खाली बसली. तिने हात मांडीखाली दाबून धरले. तो गुडघ्याशी येऊन रडत होता आणि ती त्याच्याकडे बघत नव्हती. बघितले असते तर बोट आपोआप कानामागे गेले असते. नाही शांत होणार तो, ती मनात म्हणत होती. बघू दे यांना.

कांचन सरकत जवळ आली. तिने त्याला उचलले नाही. "लागलं," ती म्हणाली. "खूप लागलं रे. मी इथेच आहे."

"तू जा!" त्याने हातातला ठोकळा तिच्या खांद्यावर मारला. मग आणखी एकदा.

"बरं. इथेच बसते."

ती हलली नाही. मुलाचे रडणे भरतीसारखे चढले, थकले, हुंदक्यांवर आले. खोलीत तेवढाच आवाज उरला. मग रसिकाच्या गुडघ्यावरची इवली मूठ सैल झाली. निहार बसल्या बसल्या सरकला आणि दुखरे कपाळ त्याने कांचनच्या मांडीवर टेकवले.

रसिकाच्या आत कुठेतरी एक दार अगदी हलक्या हाताने लावले गेले.

"आजपासून निहार कांचनजवळ राहील," मोहनाबेन म्हणाल्या.

"एकदा पडला, त्यावरून ठरवलंत?"

"नाही. तो मारत होता तरी ती उठून गेली नाही, त्यावरून. आणि गेल्या कित्येक शनिवारांवरून."

"मग मी काय कमी केलं?"

"काहीच नाही. म्हणून तर सांगायला जड जातंय." मोहनाबेननी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "भेटायला येत जा. कुणी अडवणार नाही."

रसिकाने पिशवी पुढे केली. कपडे, दुधाची बाटली, कान तुटलेला कापडी ससा.

कांचनने निहारला कडेवर घेतले. दारापाशी ती थांबली, वळली. मग मुलाचा चेहरा तिने हलकेच रसिकाकडे वळवला आणि निरोपासाठी त्याचा हात हलवला.

"निहार, चल आईबरोबर, खाली बाबा थांबलेत," ती म्हणाली. "आत्याला आवजो म्हण."