विहिरीची किल्ली

मुलीच्या हळदीच्या दिवशीच सोसायटीचे नळ कोरडे पडले, तेव्हा सेक्रेटरी धामणस्कर घागर घेऊन गावठाणातल्या विहिरीवर आले. जाळीच्या कुलपाची किल्ली सेसिलीमायच्या कमरेला होती.

गेल्या वर्षी तिच्या लेकीच्या लग्नात, नवरीच्या अंघोळीला इथलंच पाणी न्यायला रीतीप्रमाणे बँड निघाला, तर याच माणसानं वाटेतलं सोसायटीचं फाटक लावलं आणि म्हणाला, “पोर्तुगीजांबरोबर आलेल्यांनी मुंबईत धिंगाणा घालू नये.” पोर नळाच्या पाण्यानं न्हाऊन चर्चला गेली.

“पोर्तुगीज आले तेव्हा आमचा देव बदलला, गाव हेच होतं,” सेसिलीमाय म्हणाली. “तुमचा आजा कुठला?”

“रत्नागिरीचा. इंग्रजांच्या राज्यात गिरणीत कामाला आला,” ते पुटपुटले.

तिनं शेजारच्या बँडवाल्यांना हाक मारून ओट्यावर बसवलं.

“आता तेच मोठ्यानं सांगा, यांनाही ऐकू दे. मग कुलूप उघडते.”