मी ठरवलं

“‘आम्ही’ खोड,” रूडी टर्वो म्हणाले. “जिथं जिथं ‘आम्ही’ लिहिलंयस, तिथं ‘मी’ कर.”

मार्लिसने पेन उचललं, पण खोडलं काहीच नाही. ऑफिसात हाडं गोठवणारा गारठा होता. कोपऱ्यातला लाकडाचा स्टोव्ह रूडी रोज तिच्याआधी येऊन पेटवत. आज तो थंड होता आणि रूडी कोट न काढताच बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत ओली. रात्रभरात दोन-अडीच फूट बर्फ पडलं होतं, त्यामुळे तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिच्याकडे तर पहाटेपासून वीजही नव्हती. बर्फ काढणाऱ्या गाडीच्या मागोमाग ती कशीबशी गावात पोचली होती.

फोनचा रिसीव्हर काढून टेबलावर ठेवलेला होता. “आज कुणाची कटकट नको,” रूडी म्हणाले. “आज फक्त तुझा अर्ज.”

इंजिनिअरचा परवाना घ्यावा की नाही, हा घोळ दोन वर्षं तिच्या डोक्यात चालला होता. परवाना नाही तोवर हिशेब तिचे, नकाशे तिचे आणि शिक्का रूडींचा. नाव होत नसे, पण झोप शांत लागे. एकदा स्वतःचा शिक्का हातात आला, की त्याखाली जे उभं राहील त्याला जन्मभर आपणच जबाबदार. तिला त्याची भीती वाटायची आणि तितकीच ओढही. आजवर तिला थोपवलं होतं ते रूडींनीच. “घाई काय आहे? मी मेलोय का?” असं म्हणून विषय संपवायचे. आणि आज त्यांनीच अर्ज काढून समोर ठेवला होता.

“डॉक्टर काही म्हणाले का?” तिने हळूच विचारलं.

“एकाहत्तर वर्षांच्या माणसाला डॉक्टर काय म्हणणार, पोरी?”

त्यांचे डोळे लाल होते. म्हातारा आवराआवर करतोय, तिच्या मनात आलं, आणि मी मेली इथं ‘मी’ आणि ‘आम्ही’ करत बसलेय.

ती खाली मान घालून खोडू लागली. अर्जात आपल्या हातचं सगळ्यात मोठं काम सविस्तर लिहायचं होतं. तिने शाळेच्या व्यायामशाळेचं छत लिहिलं होतं.

“सांध्यांचं राहिलं,” रूडी म्हणाले. “लिही, ‘छत पेलणाऱ्या लोखंडी कैच्यांचे सांधे चार बोल्टचे करायचे, हे मी ठरवलं.’”

“पण मी सहा धरले होते. चार तुम्ही केलेत.”

“तीन हिवाळे काढले त्या छतानं.”

“तरी पण रूडी, हे खोटं होईल.”

“‘साहेबांनी सांगितलं’ असं लिहिणाऱ्यांचे अर्ज परवाना मंडळ परत पाठवतं. त्यांना निर्णय घेणारा माणूस हवा असतो, सांगकाम्या नको. सगळं छत तू मांडलंस. मी दोन बोल्ट कमी केले म्हणून ते माझं झालं का? देवानं तुम्हा बायांना बडबडायला तोंड दिलं, पण ‘मी’ म्हणायला जीभ दिली नाही.”

मार्लिसला हसू आलं. तिने लिहिलं. चार बोल्ट, मी ठरवलं.

“आणि आर्व्हो सांगतो ते?” तिला एकदम आठवलं. शाळेचा रखवालदार आर्व्हो भेटेल तेव्हा तिला सांगायचा, बर्फ साचलं की छत बोलतं, करकरतं. तिने ते तारखेसकट वहीत टिपून ठेवलं होतं.

रूडी खिडकीबाहेर पाहत राहिले. “थंडीत लोखंड बोलतंच,” ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, “ती वही देऊन ठेव मला. तुझ्या कामाची शिफारस लिहायला लागेल.”

तिने टेबलाच्या खणातून वही काढून दिली. सहा बोल्टांचा मूळ हिशेबही त्यातच होता. रूडींनी ती दोन्ही हातांनी घेतली.

“आत्ताच जा. बँकेत नोटरी डोलोरेससमोर शपथेवर सही कर आणि तिथंच टपालपेटीत टाक. परत इकडे आणू नकोस, नाहीतर पुन्हा दोन वर्षं विचार करत बसशील.”

बँकेत शुकशुकाट होता. डोलोरेसने कागद पाहिले, मग मार्लिसकडे पाहिलं.

“आजच करायचंय हे?”

“रूडी म्हणाले आजच.”

डोलोरेसने नोंदवही पुढे ओढली. मार्लिसने हात वर करून शपथ घेतली, की यात लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. मग सही केली. डोलोरेसने शिक्का मारला.

बाहेरच्या टपालपेटीपाशी मार्लिस क्षणभर थांबली. समोर ऑफिसच्या धुराड्यातून धूर निघत होता. पेटवला बाई एकदाचा स्टोव्ह, तिला बरं वाटलं. आता शिफारस लिहीत बसले असतील. या माणसाने आपल्याला हाताला धरून इथवर आणलं. परत जाताना त्यांच्यासाठी खिमा-बटाटा भरलेली गरम पेस्टी न्यायची, तिने ठरवलं, आणि पाकीट पेटीत सोडलं.

“मार्लिस!” डोलोरेस कोटाशिवायच धावत बाहेर आली. तिच्या हातात मार्लिसचा विसरलेला हातमोजा होता. “रूडींना आज एकटं सोडू नकोस गं. आमचे हे बंबावर असतात ना, ते सांगत होते. आर्व्होला व्यायामशाळेच्या कोसळलेल्या छताखालून बाहेर काढेपर्यंत रूडी गुडघाभर बर्फात तिथंच उभे होते, पहाटे साडेपाचपासून. का गं, तुला बोलले नाहीत?”