गोट्यांचं मतदान

प्राचार्यांनी कामिनी मॅडमच्या खांद्यावर शाल टाकली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेतल्या रुपचंद सरांनी दोनच टाळ्या वाजवल्या. त्याही जिवावर आल्यासारख्या.

नुसता जळफळाट झाला होता हो! चोपड्याच्या या कॉलेजात 'आफ्रिकेतील पक्ष आणि निवडणुका' हा पेपर तेवीस वर्षं शिकवला कुणी? त्यांनी. गांबिया नावाचा देश नकाशात कुठे सापडतो, हे या तालुक्याला दाखवलं तेही त्यांनीच. आणि तिथल्या निवडणुकीला निरीक्षक म्हणून विमानात बसून गेली कोण, तर चार वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली ही कामिनी! सरांचा पासपोर्ट कपाटात कोराच पडून होता. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते.

"तिथे मतपत्रिका नसते," कामिनी मॅडम पडद्यावर फोटो दाखवत सांगत होत्या. "प्रत्येक उमेदवाराचं आपापल्या पक्षाच्या रंगाचं एक पिंप. मतदाराच्या हातात एक काचेची गोटी देतात. आपली पोरं खेळतात ना, तसलीच. ती नळीतून आत सोडली की घंटा वाजते, टण्ण! दुसऱ्यांदा वाजली तर समजायचं, कुणीतरी लबाडी केली. म्हणून त्या दिवशी केंद्राजवळ सायकलला बंदी. का बरं?"

"घंटी!" पोरं एका सुरात ओरडली.

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, पिंप, गोटी, घंटा, सायकल, सगळं हेच तर ते वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले होते. त्यावर त्यांनी इंग्रजीत लेखसुद्धा लिहिला होता. तेव्हा हीच पोरं जांभया देत होती. एवढ्यात भिंतीला टेकून उभा असलेला शिपाई तोताराम त्यांच्या कानाशी वाकला.

"सर, मॅडमना बठ्ठा फोटो भारी शेतस. तुम्हीबी जावाले पाहिजे व्हतं."

"गप रे! म्हणे सगळे फोटो भारी आहेत!" सर खेकसले.

वशिला! दुसरं काय असणार? कुणीतरी वरून फोन केला असणार, त्याशिवाय चार वर्षांच्या नोकरीवर कुणी आफ्रिकेत पाठवतं का? दोन दिवस सर हेच घोकत होते. आज सगळ्यांसमोर तिचं पितळ उघडं पाडायचंच, असं ठरवून ते आले होते. कुणाला प्रश्न विचारायचे असतील तर विचारा, असं प्राचार्य म्हणाले मात्र, सर ताडकन उठले.

"मॅडम, एवढ्या मोठ्या कामाला तुमचीच निवड कशी झाली? कुणाच्या ओळखीने?"

कामिनी मॅडमचा चेहरा उतरला. त्यांनी हातातला माईक खाली घेतला.

"सर, आपण ते नंतर स्टाफरूममध्ये बोलू या का?"

"का? लपवण्यासारखं आहे वाटतं! इथेच सांगा. कळू द्या सगळ्यांना."

मॅडमनी माईक पुन्हा वर घेतला. मग म्हणाल्या, "ओळखीनेच झाली, सर. तुमच्या."

"माझ्या?"

"तुमचा तो इंग्रजी लेख तिथल्या निवडणूक आयोगातल्या लोकांना फार आवडला होता. आमंत्रण तुम्हालाच होतं. त्यांनी तुम्हाला तीन मेल पाठवले. तिसऱ्याला तुमचं उत्तर आलं, तेव्हा त्यांनी कॉलेजच्या वेबसाइटवरच्या आपल्या विभागाच्या यादीतलं पुढचं नाव घेतलं. मलाही हे तिथे पोचल्यावरच कळलं."

"सर, काय उत्तर दिलं होतं तुम्ही?" मागच्या बाकावरच्या ऋतिकाने अगदी भाबडेपणाने विचारलं.

कामिनी मॅडमनी मान खाली घातली. सरांना तो मेल लख्ख आठवला. विमानाचं तिकीट, राहणं, जेवण सगळं आमच्याकडे, फक्त पासपोर्टची प्रत पाठवा, असा तो मेल होता. काय खणखणीत उत्तर दिलं म्हणून त्यांनी बायकोला, प्रमिलाबाईंना, स्वयंपाकघरातून मुद्दाम हाक मारून, छाती फुगवून ते वाचून दाखवलं होतं. एकच ओळ होती.

'आफ्रिकेतल्या भामट्यांनो, मी तुम्हाला पुरता ओळखून आहे.'