तेच हंडे

भागिरथाचा हंडा पुन्हा शेवटी गेला होता.

उजाडायच्या आत तिनं तो शाळेच्या भिंतीलगत लावला, तेव्हा तिच्या पुढं फक्त सरपंचाच्या घरची घागर होती. तिच्यामागं लिलाबाईचा हंडा, मग बाकीच्यांचे. घरी सून बाळंतीण. तिला पेज पाजायला भागिरथा गेली आणि टँकरचा भोंगा ऐकून धावत परत आली, तर तिच्या बौद्धवाड्यातले सगळे हंडे लाइनीच्या शेपटाला, एकमेकांना खेटून उभे. डाळीतले खडे वेचून बाजूला टाकावेत तसे.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरींनी तळ दाखवला होता आणि पाणी मंगरूळहून टँकरनं यायचं. पुढच्यांना नितळ पाणी मिळे. शेपटापर्यंत पोचेस्तोवर टाकीत गाळ उरे, कधी तोही नाही. काल तोच गाळ फडक्यातून गाळून भागिरथानं सुनेला पाजला, आणि आज त्या पोरीला, गंगूला, जुलाब लागले होते. तान्ह्याला पाजायला अंगात दूध नव्हतं.

सरपंच टँकरपाशी काठी टेकून उभा होता. ती तडक त्याच्यासमोर गेली.

"भाऊ, माहा हंडा कोनं हलवला?"

"हलवला म्हंजे? गेला का कुठी? तो काय, दिसून राह्यला."

"माहा नंबर दुसरा होता."

सरपंच हसला. अडाणी लेकराला समजावावं तसं हसला. काठीनं एकेका भांड्याला टिचकी मारत तो लाइनीच्या कडेनं चालत गेला. "ही माह्या घरची. हा सुताराचा. हा माळ्याचा. हा तुह्या लिलाबाईचा, अन् हा तुहा. सकाळची लाइन पाय अन् आताची पाय. तेच हंडे, तेवढेच हंडे. एक कमी नाई, एक जास्त नाई. मंग फरक काय झाला? कायले बोंबलून राह्यली?"

दोघी-तिघी पदराआड हसल्या. लिलाबाईनं मान खाली घातली. भागिरथाच्या अंगाची मात्र लाही लाही झाली. गावात आता सगळे सारखे, असं हाच माणूस पंधरा ऑगस्टला शाळेसमोर घसा फुगवून बोलला होता. तोंडाशी आलेल्या शिव्या तिनं गिळल्या. लिलाबाई तिचा हात ओढू लागली. तिनं तो झटकला.

"काहीच फरक नाई म्हनता?"

"नाई."

"या समद्यांसमोर सांगता?"

"सांगतो न! दोनी लाइनी सारख्या. झालं समाधान?"

भागिरथा वळली. टँकरचा ड्रायव्हर अमरसिंग हातात पाइप धरून उभा होता. शेलूबाजारचा माणूस. हे सगळं तो रोज बघायचा आणि आपलं गाव नाही म्हणून रोज गप्प बसायचा.

"अमरसिंगदादा, आयकलं न? इकून काय अन् तिकून काय, सरपंच म्हनतात सारखंच हाये. मंग आज टँकर त्या टोकाले लाव. आमच्याकून सुरू कर."

कुणी हसलं नाही.

अमरसिंगनं सरपंचाकडं पाहिलं. मग तिच्याकडं. विडी टायरखाली टाकली, पाइप गुंडाळला आणि केबिनमध्ये चढला. टँकर गुरगुरत निघाला. सरपंचाच्या घागरीशेजारून, सुताराच्या, माळ्याच्या हंड्यांशेजारून धूळ उडवत थेट शेपटाला जाऊन थांबला. अमरसिंग खाली उतरला. त्यानं पाइप भागिरथाच्या हंड्यात सोडला. नितळ पाण्याची धार तांब्याच्या बुडावर वाजली, आणि भागिरथानं दोन्ही हातांनी हंड्याचा काठ गच्च धरला.

तिकडून धोतराचा सोगा सावरत, काठी उगारत सरपंच पळत आला. धापा टाकत, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा ओरडला,

"अय अमरसिंग, बंद कर! लाइनीले काही कायदा हाये का नाई? ज्याचा नंबर पयला, त्यालेच पयलं पानी!"